डावी पाकळी

दिगू राणे बाबल गुरवाच्या घरातून बाहेर पडला, तेव्हा मी समोरच्या काजूच्या झाडाआड उभी होते. लपले होते म्हणा ना. गावच्या सरपंचबाईला असं झाडाआड लपणं शोभत नाही, पण शोभेच्याच गोष्टी करत बसले असते तर मला आयुष्यात काहीच कळलं नसतं. दिगूच्या हातात रॉकेलचा पांढरा कॅन होता. पायऱ्या उतरताना त्यानं तो उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, कपाळावरचा घाम पुसला आणि मान खाली घालून घाटीच्या पायवाटेला लागला.

मी मनात म्हटलं, झालं. तेल ओतून रिकामा कॅन घेऊन चालला. गुरव विकला गेला.

आमच्या कातळवाडीत तेव्हा वीज नव्हती. खांब होते. कुठल्याशा निवडणुकीआधी कोणीतरी येऊन ते पुरून गेलं होतं, तारा मात्र कधी आल्याच नाहीत. माझ्या परसातल्या खांबावर मी कारल्याचा वेल चढवला होता आणि त्याला कारली बरी धरायची. वाडीला रॉकेल दिगूच्या दुकानातून यायचं, भात त्याच्या डिझेलच्या गिरणीवर जायचं आणि लग्नकार्यात जनरेटरही त्याचाच फडफडायचा. वाडीत उजेड आला तर सगळ्यात आधी काळोख कोणाच्या घरात होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि उजेड यायचा घाट तर घातला गेला होता. आपटे नावाचे एक इंजिनियर कोल्हापूरहून मोटारसायकलीवर यायचे. चाळिशीचा माणूस, एका गुडघ्याला कायम पट्टा बांधलेला. पावणाई देवीच्या राईतून आमचा व्हाळ, म्हणजे ओढा, उतरतो. वरच्या कोंडीतलं पाणी पाइपात घ्यायचं, उतारावरून खाली आणून त्यावर एक चक्र फिरवायचं आणि पाणी पुन्हा व्हाळातच सोडायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"पाणी तेवढंच राहतं, वहिनी. जळत नाही, संपत नाही," ते म्हणायचे.

"मग तुम्हाला यातून काय मिळतं?" मी विचारायचे.

"आमच्या संस्थेला अनुदान मिळतं. पाइप आणि यंत्र आमचं, मेहनत वाडीची."

"आणि अनुदान मिळाल्यावर तुम्ही परत दिसणार का?"

ते हसायचे. मला ते हसणं आवडायचं नाही. त्याआधी एकजण सौरकंदील घेऊन आला होता. सगळ्यांना रांगेत उभं करून त्यानं फोटो काढले, आणि कंदील पुढच्या खेपेला आणतो सांगून गेला तो गेलाच. म्हणून आपटे वाडीत आले की मी त्यांच्या मोटारसायकलीची किल्ली मागून घ्यायचे आणि माझ्या कमरेच्या पिशवीत ठेवायचे. "साहेब, वाडीत पोरं आहेत, गाडीशी खेळतात," असं सांगायचे. ते काय समजायचे ते समजत असतील, पण किल्ली निमूट द्यायचे.

अडचण राईची होती. पावणाईच्या राईतलं वाळकं लाकूडसुद्धा कोणी उचलत नाही. तिथून पाइप न्यायचा तर आईची परवानगी हवी, आणि आईची परवानगी म्हणजे कौल. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना पिटकुळीच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे सगळं गुरवाच्या हातून. म्हणजे वाडीत उजेड येणार की नाही हे बाबल गुरवाच्या बोटांवर होतं, आणि त्याच बाबलच्या घरातून दिगू रॉकेलचा कॅन घेऊन बाहेर पडताना मी पाहिला होता. कौल सोमवारी लागायचा होता.

मी काजूआडून निघाले आणि सरळ बाबलच्या अंगणात, खळ्यात जाऊन उभी राहिले. बाबल ओट्यावर समयांच्या वाती वळत बसला होता. साठी ओलांडलेला, उघडाबंब, गळ्यात तुळशीची माळ.

"ये गो इंदू. बस."

"बसाक नाय इलंय. दिगू कित्याक इल्लो?"

"देवीक तेल घेऊन इल्लो."

"देवीक रॉकेल कधीपासून चलूक लागला, काका?"

बाबलनं वात वळायची थांबवली नाही. "तुझा काय ता सांग."

"सोमवारी पाकळ्यो मी हाडतलंय. माझ्या परसातल्यो. आणि पाणीय माझ्या घरचा."

"हाड. घेऊन ये खुशाल."

"तुमका राग येणा नाय?"

"राग कसलो गो? पाकळ्यो खंयच्याय चलतत." मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "शालनेच्या येळापासून तू माझ्या हाताकडेच बघतंस. बघ. बघूक कोण नाय म्हणता?"

शालनचं नाव त्यानं घेतलं आणि माझ्या डोक्याची शीर तडकली. मी परत फिरले, कारण बोलले असते तर रडले असते, आणि त्याच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

शालन माझी धाकटी जाऊ. नावाला जाऊ, पण खरं म्हणजे ती माझी वाडीतली एकुलती एक मैत्रीण. नवरे दोघींचेही मुंबईत. एका तिन्हीसांजेला वासरू आणायला गेली आणि घाटीच्या वाकणावर, वळणाशी, तिला फुरसं डसलं. काळोखात तिला ते दिसलं नाही, काटा लागला वाटून ती तशीच घरी आली. घरी कंदिलाच्या उजेडात पाय बघितला, तेव्हा कळलं. डोलीत घालून तिला रस्त्यापर्यंत न्यायची आणि तिथून तालुक्याच्या दवाखान्यात, असं मी म्हणत होते. पण घरातले म्हातारे म्हणाले, आईला विचारू. विचारलं. कौल डावा आला. नेऊ नका.

बाबल मुळी उगाळून द्यायचा. ती त्यानं दिली. पहिल्या दिवशी शालन बोलत होती, पेज प्याली, माझी थट्टासुद्धा केली. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ते थांबलंच नाही.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती. विष उतरवणारा गुरव म्हणून बाबलचं पंचक्रोशीत नाव होतं, आणि दवाखान्यात नेलेला रोगी म्हणजे त्या नावाला बट्टा. पाकळी त्यानं दाबली असणार. माझ्याकडे पुरावा काही नव्हता. माझा देवीवर विश्वास होता की नाही हे मला आजही नीट सांगता येणार नाही, पण तिच्या आणि आमच्या मधल्या माणसावर नव्हता, हे नक्की.

म्हणून या वेळी मी तयारीनं होते. दुपारी सगळे झोपले की परसातल्या पिटकुळीच्या पाकळ्या आणायचे आणि पाटा उभा करून त्यावर चिकटवून बघायचे. ओल्या करून नुसत्या टेकवल्या तर थोड्या वेळात सुटून पडतात, कुठली आधी ते सांगता येत नाही. पण पाण्यात दोनदा बुडवून अंगठ्यानं जरा जास्त वेळ दाबली, तर तीच पाकळी रात्रीची जेवणं उरकली तरी जागची हलत नाही. सासूबाईंनी एकदा मला पाट्यासमोर मांडी घालून बसलेली पाहिलं.

"इंदू, पाट्याक काय पूजतंस?"

"शिकतंय," मी म्हटलं.

"काय शिकतंस?"

"चोरी कशी करतत ती."

त्या आत गेल्या. सून सरपंच झाल्यापासून बिघडली, असं त्यांचं मत होतंच, ते आता पक्कं झालं असेल.

वाडीतल्या बायकांनाही मी सांगून ठेवलं. बाबलनं पाकळीवर अंगठा जास्त वेळ ठेवला तर मी ओरडेन. मी ओरडले की तुम्ही सगळ्यांनी ओरडायचं, आणि कौल मोडायचा. मग दुसरा गुरव बोलावू, पण या बाबलच्या हातून नको. बायका हो म्हणाल्या. शालनची गोष्ट कोणी विसरलं नव्हतं.

आपट्यांना मी कौलाच्या दिवशी देवळापासून लांब राहायला सांगितलं.

"वहिनी, एवढं मोठं काम दोन पाकळ्यांवर सोडायचं?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "नकार आला तर पुढच्या वर्षी अनुदान दुसऱ्या वाडीला जाईल. माझ्या हातात काही राहणार नाही."

"राई आईची आहे, साहेब. तिला न विचारता पाइप घातलात तर एक माणूस खोरं उचलणार नाही. मीसुद्धा नाही उचलणार."

"तुम्हीसुद्धा?"

"मला वाडीत राहायचंय. आणि एक सांगते. गुरवाच्या घराकडे फिरकू नका. काही द्यायचं मनात असेल तर ते मनातच ठेवा."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, या माणसाच्या मनात ते आलं असणार.

सोमवारी सकाळी देऊळ भरलं होतं. दिगू राणेही आला होता, खांबाला टेकून, पांढरा सदरा घालून. मी तांब्यातून घरचं पाणी आणि केळीच्या पानावर पाकळ्या घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याला अगदी लागून बसले. बाबल आंघोळ करून ओलेत्यानं आला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. पान घेतलं, तांब्या घेतला आणि आईसमोर उभा राहून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बाय गे पावणाई माते! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी जमली हत. तुझ्या राईतसून पाण्याचो पाइप न्हेवचो, तेच्यार चक्र फिरवचा आणि वाडयेत उजेड करचो, असा लेकरांच्या मनात इला हा. व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ घुमलं.

"तुका मान्य आसात तर उजवी दी. मान्य नसात तर डावी दी. काय चुकला-माकला आसात, तर ता पोटात घाल आणि लेकरांची राखण कर. व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी ओरडले नाही, पण ओठ हलवले. माझे डोळे त्याच्या हातावर होते. त्यानं एक पाकळी उचलली, पाण्यात बुडवली, आईच्या उजव्या खांद्याला टेकवली आणि बोट काढून घेतलं. अगदी अलगद. मग दुसरी उचलली. बुडवली. पुन्हा बुडवली. डाव्या खांद्याला लावली, आणि त्याचा अंगठा तिथंच राहिला.

माझ्या घशाशी आवाज आला होता. मागून एका बाईनं माझा पदर ओढला, म्हणजे तिलाही शंका आली होती. अंगठा अजून तिथंच होता. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो डावी पाकळी दाबत होता. डावी. डावी पडायला नको म्हणून.

बाबलनं अंगठा काढला. मी तोंड मिटलं. मागच्या बाईनं पुन्हा पदर ओढला, मी तिचा हात झटकला.

समई जळत होती. उजव्या खांद्यावरची पाकळी एका कडेनं सुटली, जराशी लोंबली आणि पडली.

देवळात एकच गलका झाला. पोरं घंटा बडवायला लागली. मी वळून पाहिलं, तर दिगू खांबाजवळ नव्हता. बाबल मात्र आईकडे तोंड करून तसाच उभा होता. त्याच्या उघड्या पाठीवर काटा आला होता, ओल्या पंच्यामुळे असेल असं मला वाटलं. डावी पाकळी संध्याकाळपर्यंत तिथंच होती, हे मी मुद्दाम जाऊन बघून आले.

आनंद व्हायला हवा होता मला. झालाही, पण त्यात खडा होता. मी ठरवलं होतं, हा माणूस लबाडी करताना दिसला की ओरडायचं. तो दिसला, आणि मी ओरडले नाही. का ओरडले नाही ते मला ठाऊक होतं आणि त्याबद्दल मला काही वाटतही नव्हतं. मला छळत होता तो दुसराच प्रश्न. बाबलनं हे का केलं? दिगूकडून घेतलं असतं तर उजवी दाबायला हवी होती. म्हणजे दिगूपेक्षा कोणीतरी जास्त दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आपटे आले. मी किल्ली घ्यायला हात पुढे केला आणि विचारलं, "बाबलला काय दिलंत?"

"काय?"

"गुरवाला. किती, कधी, कोणाच्या हातून?"

त्यांचा चेहरा असा पडला की कोणालाही दया यावी. मला आली नाही. "वहिनी," ते म्हणाले, "त्या माणसाशी मी आजवर एक शब्द बोललेलो नाही. एकदा वाटेत नमस्कार केला तर त्यांनी मान फिरवली."

"खरं?"

"तुमच्या देवीची शपथ घेऊ का?"

"नको," मी म्हटलं. "देवीला सध्या मध्ये आणू नका."

त्यांना काही कळलं नाही. किल्ली मात्र मी त्या दिवशीही घेतली.

त्याच आठवड्यात बाबलनं देवळाची पूजा सोडली. गुडघे धरतात असं सांगून किल्ल्या पुतण्याच्या हातात दिल्या. एवढे दिवस पहाटे कोंडीच्या गार पाण्यात उतरणाऱ्या माणसाचे गुडघे नेमके आताच धरले! मी म्हटलं, मिळालं असणार चांगलं घबाड. आता कशाला पूजा करील?

काम सुरू झालं. पाइप डोंगरावर नेताना खांद्याची सालं निघाली, बायकांनी वाळू वाहिली, आणि राईतलं एकही झाड न तोडता पाइप वळणं घेत खाली आला. चक्राची खोली बांधायला माझे दीर मुंबईहून रजा काढून आले. पहिले पाइप ट्रकमधून उतरले त्या दिवशी मी आपट्यांना किल्ली परत केली आणि पुन्हा मागितली नाही. पावसाळ्यात वाडी उजळेल, मार्चनंतर व्हाळ आटला की दिवे मिणमिणते होतील, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. पुढे झालंही तसंच. निदान त्या बाबतीत हा माणूस सरळ निघाला.

बाबल त्या सगळ्या काळात एकदाही कामावर आला नाही. मी डोळा ठेवून होते. घबाड आलं असेल तर कुठंतरी दिसेल की. घरावर नवी कौलं चढली नाहीत. बायकोच्या गळ्यात काही आलं नाही. तो खळ्यात बसून सुंभ वळायचा, आणि राईच्या बाजूला पाठ करून बसायचा. वायरिंगवाला घराघरात फिरला, तेव्हा बाबलनं त्याला खळ्यातूनच परत पाठवलं. "माझ्या घरात नको." एवढंच. माझी गाठ काही सुटेना. आपट्यांकडून खाल्लं असेल तर दिवा का नको? दिगूकडून खाल्लं असेल तर डावी का दाबली?

दिवे लागले त्या संध्याकाळी वाडीत दिवाळीसारखं झालं. सासूबाई बल्बखाली उभ्या राहून स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होत्या. घाटीच्या वाकणावर एक खांब मी हट्टानं लावून घेतला होता, त्याचा उजेड माझ्या ओट्यावरून दिसत होता. सगळी वाडी उजळली होती आणि तिच्या कडेला एकच घर काळं राहिलं होतं. मला ते बघवेना. प्रेमानं म्हणाल तर तसं नव्हतं. मला राग आला होता. मी एक बल्ब पदरात घेतला आणि बाबलकडे गेले.

तो ओट्यावर होता. कोनाड्यात चिमणी जळत होती.

"काका, वायरमन उद्या परत येतलो. ह्यो बल्ब घेवा."

"नको गो."

"कित्याक नको?"

"नको म्हटलंय ना."

मी त्याच्यासमोर बसले. "मी बघलंय, काका. डावी पाकळी तुमी दाबल्यात."

तो दचकला नाही. "माका म्हायत हा. तुझी नजर माझ्या पाठीत रुतता होती. वाटला, आता वरडतली. वरडलंस कित्याक नाय?"

"तुमी डावी दाबल्यात म्हणान."

"उजवी दाबलंय असतंय तर?"

"वरडलंय असतंय."

तो हसला. आतून आल्यासारखं, अगदी थोडं. "सरळ बोलतंस. बरा वाटला."

"कोणी काय दिल्यान तुमका?"

"दिगू कॅन घेऊन इल्लो. वर्षभर असो कॅन दितंय म्हणालो. तू काजयेच्या आड उभी होतंस ना? बघलंस नाय, जाताना तेच्या हाताक कशी ओढ लागली होती ती? भरलेलो कॅन होतो. हाडल्यान तो परत घेऊन गेलो."

मला दिगूनं पायरीवर हात बदललेला आठवला. कपाळाचा घाम आठवला. रिकामा कॅन कोणी असा नेत नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि मी काय बघत होते कोण जाणे.

"मगे कित्याक केल्यात?" माझा आवाज खाली आला होता.

बाबलनं हातातल्या सुंभाला एक पीळ दिला. चिमणीची काजळी कोनाड्यावर चढत होती.

"त्या सोमवारी पूजेच्या येळाक मी एकटोच आईक इचारलंय. गाव येवच्या आधी. डावो इलो. परत इचारलंय, परत डावो. किती येळा इचारलंय ता माका आता सांगूक येवचा नाय. दर खेपेक डावो. आई नको म्हणता होती, इंदू."

"आणि तरीय?"

"शालनेच्या येळाकय डावोच इल्लो." त्यानं सुंभ बाजूला ठेवलं. "तुका वाटता मी तेवा दाबलंय. दाबूक नाय गो. बोट लावूक नाय. आईन सांगल्यान ता गावाक जसाच्या तसा सांगलंय." त्यानं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. "दाबूक व्हयी होती."

इतकी वर्षं मी ज्या गोष्टीसाठी त्याचा तिरस्कार केला, ती त्यानं केलीच नव्हती. आणि न केल्याबद्दल तो स्वतःला माझ्यापेक्षा जास्त बोल लावत बसला होता.

"आई खोटा सांगता असा मी म्हणणंय नाय," तो म्हणाला. "तिचा तिका म्हायत. पण त्या वाकणार पुन्हा कोणाचो पाय पडलो असतो, आणि पुन्हा माका सगळ्यांसमोर उभा रवान डावो म्हणून सांगूचा लागला असता. माझ्यान ता झाला नसता. एकदा आईचा आयकलंय. एकदा आयकूक नाय. आता तिच्या खांद्याक हात कसो लावू?"

"म्हणान पूजा सोडल्यात?"

"म्हणान."

"आणि दिवो?"

"तो चोरलेलो आसा. तिका इचारलंय, ती नको म्हणाली, तरी घेतलंय. वाडयेक चलता तो. वाडयेक ठावक नाय. माका ठावक आसा, माका चलूचो नाय."

"मीय बघलंय, काका. माकाय ठावक आसा."

"तू बाय लहान आसस. तुका कशाक?" त्यानं माझ्या हातातला बल्ब घेतला, बोटानं त्यावर टिचकी मारून बघितली आणि परत माझ्या पदरात ठेवला. "वाकणार दिवो लायल्यात?"

"लायलो."

"पेटता?"

"पेटता."

"मगे जा आता. तिन्हीसांज झाली."

मी निघाले. घाटीनं जायची गरज नव्हती, माझं घर दुसऱ्या बाजूला. तरी पाय तिकडेच वळले. वाकणावरचा दिवा पिवळा जळत होता, भोवती किडे नाचत होते. मी खाली बघत चालले होते म्हणून दिसलं. दिवसभर तापलेल्या कातळावर, बरोबर उजेडाच्या मध्यावर, फुरसं वेटोळं घालून पडलं होतं. हातभर लांब. माझं पाऊल त्याच्यापासून फार लांब नव्हतं.

मी थांबले. त्यानं अंगाला अंग घासून खर्र केलं. मी एक पाऊल मागे घेतलं, मग आणखी एक. थोड्या वेळानं ते सुटलं आणि दगडाखाली गेलं. शालनला हे एवढंच मिळायला हवं होतं. हा एवढासा उजेड.

मी तिथंच रडले. रडून झाल्यावर पदर सारखा केला आणि राईकडे तोंड करून उभी राहिले. गाऱ्हाणं बायकांनी घालायचं नसतं. मला ते घालताही येत नव्हतं, बाबलचं ऐकून ऐकून जेवढं डोक्यात होतं तेवढंच.

"बाय गे पावणाई माते," मी म्हटलं. "तुझ्या बाबलान डावी पाकळी दाबल्यान. मी ती बघलंय आणि गप रवलंय. तेचो जो काय दोष आसात, तेतलो अर्धो माझ्या माथ्यार घाल. तेका एकट्याक धरू नको. व्हय म्हाराजा."

हो म्हणायला तिथं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून मग मीच पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं, "व्हय म्हाराजा!"